माडीवरचं इंग्रजी

दहावीच्या निकालात माझं इंग्रजी गेलं, त्या दिवशी आमच्या घरात कुणी रडलं नाही की ओरडलं नाही. आबा उद्यमनगरातल्या फौंड्रीतून संध्याकाळी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "बाकी सगळ्यात पास हाय न्हवं? मग झालं की. पोरीला तेवढं बास." आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्या नापास होण्याचा विषय तिथंच मिटला. मला मात्र ते लागलं. कुणी चार शब्द रागावून बोललं असतं, तर माझ्याकडून काहीतरी व्हायचं होतं आणि ते झालं नाही, असं तरी वाटलं असतं.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. दहावीची परीक्षा तेव्हा नवी नवी सुरू झाली होती. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या गल्लीत त्या साली इंग्रजीत गेलेल्या आम्ही पाचजणी निघालो. मी, कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी म्हणजे माझी लहानपणापासूनची मैत्रीण, गुळाच्या व्यापारी शेठजींची मुलगी, आणि मागच्या बोळातल्या दोघी बहिणी. मैत्रिणीचे वडील बँडवाल्यांचे लाल-सोनेरी डगले शिवायचे. ती म्हणायची, "आमच्या घरात मुसलमानी बोलतो, तुमच्यात मराठी बोलतो, आता हे तिसरं कुठनं आणू?"

शेठजींच्या माडीवर एक बाई भाड्यानं राहत होत्या. मूळच्या धारवाडच्या, एकट्या, चाळिशीच्या आसपासच्या. सकाळी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, दुपारी घरी असायच्या. इंग्रजी कसं शिकवायचं हेच शिकायला त्या हैदराबादला वर्षभर राहून आल्या होत्या, असं गल्लीत बोललं जायचं. शेठजींनी त्यांना गळ घातली, "बाई, ऑक्टोबरला आमच्या पोरीला तेवढी बाहेर काढा." बाई म्हणाल्या, "एकटीला नाही शिकवणार. बोलायला दुसरं माणूस लागतं. आणखी कोण नापास आहेत त्यांना बोलवा."

अशा आम्ही पाचजणी एका दुपारी शेठजींच्या घराचा लाकडी जिना चढून वर गेलो. प्रत्येकीच्या हातात पाठ्यपुस्तक आणि गाईड. खोलीत फळा नव्हता. चटई अंथरलेली होती आणि कोपऱ्यात स्टोव्ह, पातेलं, चार डबे होते. बाईंनी आमची पुस्तकं गोळा करून फळीवर ठेवली.

"हे तुम्ही वर्षभर वाचलंय. त्यानं काय झालं ते आपण बघितलं," त्या म्हणाल्या आणि आमच्यासमोर मांडी घालून बसल्या. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आय वाँट टी. आय डोंट नो हाऊ टू मेक टी. टेल मी."

आम्ही एकमेकींना पुढं ढकलायला लागलो. शेवटी मैत्रीण म्हणाली, "पुट टी."

बाईंनी डबा उघडला, चिमूटभर पत्ती घेतली आणि आपल्या तळहातावर ठेवली. हात पुढं करून तशाच बसून राहिल्या.

"न्हाय न्हाय, वॉटर," दुसरी म्हणाली. बाईंनी तांब्या उचलला आणि तळहातावरच्या पत्तीवर पाणी ओतू लागल्या. आम्ही सगळ्याजणी एकदम "नो" म्हणून ओरडलो. आयुष्यात मी जोरानं उच्चारलेला तो पहिला इंग्रजी शब्द.

मग कुणाला पातेलं आठवलं, पण पातेल्याला शब्द सापडेना. कुणी बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "पॅन." स्टोव्ह तर स्टोव्हच होता, पण तो पेटवायचा कसा? मैत्रीण म्हणाली, "फायर द स्टोव्ह," आणि बाईंनी हसू दाबत काडी ओढली. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर सहा पेल्यांत चहा आला. एक घोट घेतल्यावर कळलं, साखर सांगायची राहूनच गेली होती.

"आज कुणाचं व्याकरण चुकलं का?" बाईंनी विचारलं.

"सगळंच चुकलं की, बाई," शेठजींची मुलगी म्हणाली.

"पण चहा झाला," बाई म्हणाल्या, आणि तो बिनसाखरेचा चहा त्यांनी आमच्याबरोबर पिऊन संपवला.

त्यानंतर रोज काही ना काही काम असायचं. बाई त्याला कामच म्हणायच्या, धडा हा शब्द माडीवर कधी निघाला नाही. एकदा त्या म्हणाल्या, "मी परकी आहे. आत्ताच रेल्वेतनं उतरले. मला महाद्वार रोडला बांगड्या घ्यायला जायचंय. मला न्या. पण मला फक्त इंग्रजी कळतं आणि तुम्ही सांगाल तेवढंच मी करते."

आम्ही बिंदू चौकाच्या दिशेनं निघालो. बाई पुढं, आम्ही मागं. "गो, गो," म्हणत आम्ही त्यांना चौकापर्यंत नेलं, पण वळायला सांगायचा शब्द तोंडात येईपर्यंत त्या तशाच सरळ चालत एका सायकलच्या दुकानात शिरल्या. दुकानदार पंक्चर काढत होता. तो उठून उभा राहिला. "काय पायजे, बाई?"

बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या, आय डोंट नो, आस्क देम. आणि आमच्याकडं बोट केलं.

तो घाबरून आमच्याकडं बघायला लागला. "काय गं, बाईस्नी काय झालंय?"

"काय न्हाय, मामा," मैत्रीण म्हणाली, "आमी शिकायलोय."

त्या दिवशी माडीवर परत आल्यावर बाईंनी कुठं कुठं अडलं ते विचारलं. वळ, थांब, ओलांड, मागं फिर, डाव्या हाताला, त्याच्या समोर, त्याच्या पलीकडं. अडलेला एकेक शब्द आम्हीच त्यांना मागून घेतला. शाळेत पाच वर्षं जे शब्द माझ्या डोक्यावरून गेले, ते त्या चौकात मला हवे झाले. त्या आम्हाला 'तंगी' म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात. "उद्या दुसऱ्या वाटेनं न्या हं मला, तंगी," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवस असे गेल्यावर एका दुपारी बाईंनी एक प्रश्न विचारला. "आजपर्यंत कामं मी काढली. आता तुम्ही काढायची. प्रत्येकीनं सांगा, तुला इंग्रजी कशाला हवंय?"

"पास व्हायला," मी म्हटलं.

"ते परीक्षेला हवंय. तुला कशाला हवंय?"

दोघी बहिणींना टायपिंग शिकून कचेरीत लागायचं होतं. शेठजींच्या मुलीला सिनेमाच्या मासिकांतलं वाचायचं होतं. मैत्रिणीनं सांगितलं, "मला मिरजेला नर्स व्हायचंय. तिथं मुलाखत इंग्रजीत घेत्यात म्हणं." तिची आई आजारी असताना ती महिनाभर मिरजेच्या दवाखान्यात तिच्या उशाशी राहिली होती. तिथल्या नर्सा रात्रीच्या सुद्धा न कंटाळता हाका ऐकायच्या, ते तिच्या मनात बसलं होतं. मला हे माहीत नव्हतं. आम्ही रोज एकत्र फिरायचो, एका पेल्यातला बर्फाचा गोळा खायचो, पण असलं काही आम्ही एकमेकींना कधी विचारलं नव्हतं.

माझी पाळी आली आणि मला काही सुचेना. खरंच काही सुचेना. मला काय हवंय हे मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. आई विचारायची, पण ते भाजी कुठली करू एवढंच.

"नाही सुचलं तर आज नको सांगू," बाई म्हणाल्या. "पण दुसरीचं उसनं आणू नकोस."

मग मैत्रिणीसाठी चटईचा पलंग झाला. शेठजींची मुलगी पेशंट झाली. मैत्रीण तिचा हात धरून विचारायची, "व्हेअर इज द पेन? सिन्स व्हेन?" आणि पेशंट इतकी खरी कण्हायची की एकदा शेठाणी खालून धावत वर आल्या. आपल्या लेकीला उताणी पडून हसताना बघून त्या दारातच उभ्या राहिल्या आणि आल्या पावली खाली गेल्या.

माझं उत्तर मला सापडलं ते आमच्या घरात. माझा थोरला भाऊ आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होता; कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉलचे संघ असायचे. मॅचच्या दिवशी गल्लीतले सगळे पुरुष स्टेडियमवर जायचे आणि आम्ही गच्चीवर उभ्या राहून नुसता आवाज ऐकायचो. लोक ओरडले की गोल झाला हे कळायचं, पण कुणावर झाला ते दादा घरी येईपर्यंत कळायचं नाही. तो आला की कट्ट्यावर बसून दोस्तांना अख्खी मॅच सांगायचा आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर कधी कधी क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लागायची. त्यातलं मला काही कळत नसे, पण त्या माणसाचा आवाज एखाद्या धावणाऱ्यामागं धावतो तसा जायचा. तो मला फार आवडायचा.

एक दिवस मी बाईंना सांगितलं, "मला मॅच सांगायची हाय. रेडिओवर सांगत्यात तशी. पण फुटबॉलची."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी विचारलं, "मॅच बघितलीयस?"

"न्हाय."

"मग आधी तयारी करू, नंतर बघायला जाऊ."

मी दादाकडनं शब्द गोळा केले. त्याला काय चाललंय कळेना, पण तो सांगत गेला. कॉर्नर, फाऊल, पेनल्टी, थ्रो, हाफ टाइम. बाई म्हणाल्या, "बघ, तुमच्या तालमीत निम्मं इंग्रजी आधीच येऊन बसलंय. आता त्या माणसांना पळव." मैत्रिणीनं बापाच्या दुकानातनं बँडच्या डगल्यांची बटणं आणली, पितळेची एका संघाला आणि काळी दुसऱ्याला. आम्ही ती चटईवर मांडली. चौघीजणी बटणं सरकवायच्या आणि मी बोलायची. कोण देतो, कोण अडवतो, कोण मागं राहतो. पळणाऱ्या माणसाला पळतोय म्हणेपर्यंत तो पोचलेला असायचा. 'ही इज रनिंग' आणि 'ही हॅज रन' यातला फरक मला त्या पितळी बटणानं समजावला.

स्टेडियमवर जायला आई तयार नव्हती. "बायका जात न्हाईत तिथं," ती म्हणाली. बाई स्वतः आमच्या घरी आल्या. आबांनी त्यांना पाट दिला आणि आपण उभे राहिले. "तुमी बरूबर असला तर आमचं काय न्हाय," ते म्हणाले. "पोराला बी सांगतो, बहिणीवर ध्यान ठेव म्हणून."

"तो गोलात असणार की, आबा," मी म्हटलं. आबा हसले. आमच्या घरात त्या उन्हाळ्यापासून माझ्यामुळं कुणी हसलं असेल तर ते तेव्हा.

आम्ही गेलो. बाई आणि आम्ही पाचजणी, दगडी पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या त्या पुरुषांच्या समुद्रात. कुणी शिट्टी मारली. पुढच्या पायरीवरच्या एका पटकेवाल्या म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं आणि शेजारच्याला कोपर मारलं. "सरका की, पावणं. लेकी आल्यात, बसू द्या." जागा झाली.

मैदान इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि माणसं बटणांसारखी सांगितल्यावर हलत नव्हती. मैत्रिणीनं मला चिमटा काढला, तेव्हा मी हळू आवाजात सुरुवात केली. "नंबर सेव्हन हॅज द बॉल. ही इज रनिंग. ही इज व्हेरी फास्ट. नो. ही इज नॉट फास्ट. ही इज डाऊन."

पटकेवाला म्हातारा वळला. "काय म्हणतीया ही?"

"सात नंबर पडला म्हणती," मैत्रिणीनं सांगितलं.

"ते आमाला बी दिसतंय की." आजूबाजूची माणसं हसली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हण, म्हण. ऐकाय बरं वाटतंय."

मी म्हणत गेले. आवाज कधी मोठा झाला मला कळलं नाही. आसपासचे लोक मधून मधून मला खेळाडूंची नावं पुरवायला लागले. आपल्या पोराचं नाव इंग्रजीत घेतलं गेलं की एकजण खूष होऊन मान डोलवायचा. मग उत्तरार्धात पलीकडच्या पेठेच्या संघानं चेंडू आमच्या गोलाकडं आणला. आमची सगळी पोरं पुढं गेली होती. मी म्हणाले, "दे आर कमिंग. थ्री मेन. नोबडी इज देअर. माय ब्रदर इज अलोन."

गोल झाला. अर्धं स्टेडियम उठून नाचायला लागलं आणि माझे शब्द संपले. दादा मातीत बसून होता. बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अँड देन?"

मी बघितलं. "ही इज सिटिंग ऑन द ग्राउंड," मी म्हटलं. "नाऊ ही इज गेटिंग अप."

आम्ही त्या एका गोलानं हरलो. दादा त्या दिवशी कट्ट्यावर बसला नाही. जेवताना मान वर न करता त्यानं विचारलं, "आलतीस व्हय?"

"आलतो."

"माझं काय सांगत हुतीस म्हणं?"

मला ते मराठीत सांगता येईना. मी इंग्रजीतच म्हटलं, गोलाच्या आधीचं त्याच्याबद्दलचं वाक्य आणि नंतरची दोन्ही. तो नववीत शाळा सोडलेला. त्याला किती कळलं कुणास ठाऊक. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "परत म्हण." मी परत म्हटलं.

परीक्षा जवळ आली तसे शेठजी बेचैन झाले. जिन्याखाली उभे राहून त्यांनी बाईंना ऐकवलं, "बाई, चहा झाला, फुटबॉल झाला. व्याकरण कधी घेणार?" बाईंनी दुसऱ्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला आणि चटईच्या मध्यावर ठेवला.

"हेही एक कामच आहे," त्या म्हणाल्या. "ह्या कागदाला तुमच्याकडून काय हवंय ते शोधून काढा. मी सांगणार नाही."

आम्ही त्यावर तुटून पडलो. उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यातच दडलेली असतात, हे धाकट्या बहिणीला दिसलं. पत्र कुठलं ना कुठलं येतंच, हे मला दिसलं. जिला जे येत होतं ते तिनं इतरांना शिकवायचं, असं आम्हीच ठरवलं. आणि नेमकी तेव्हाच धारवाडहून बाईंच्या आईच्या आजारपणाची तार आली.

बाईंनी खोलीची किल्ली माझ्या मैत्रिणीच्या हातात दिली. "मी नाही म्हणून थांबू नका. रोज या, बसा. काय करायचं ते तुम्हाला कळतं."

तो महिना. आता या वयात मागं वळून बघते तेव्हा बाकीचं सगळं विरळ होत जातं आणि तो महिना मात्र जसाच्या तसा राहतो. आम्ही दुपारी कुलूप काढून आत जायचो, झाडायचो, बाईंच्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचो आणि बसायचो. पाठीमागं कुणी नसताना. घरी आम्हा पाचजणींनाही कुणी ना कुणी सांगायला होतं: हे कर, ते करू नकोस, उंबऱ्यात उभी राहू नकोस. त्या खोलीत दुपारी दोन ते पाच आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, आणि तरी आम्ही काम करत होतो. खिडकीतनं गुळाच्या गाड्यांचा वास यायचा. एकदा 'सिन्स' आणि 'फॉर' यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. कोण बरोबर हे ठरवायला बाई नव्हत्या. तेव्हा आम्ही फळीवरनं पुस्तकं काढली आणि ज्या ज्या वाक्यात ते दोन शब्द होते ती सगळी वाक्यं शोधून एकाखाली एक लिहिली. मग शेठजींची मुलगी म्हणाली, "हे कधीपास्नं हाय, अन् हे किती येळ. बघा की." आम्ही परत सगळी वाक्यं वाचली. खरंच तसंच होतं.

जिना उतरताना मैत्रीण म्हणाली, "आमाला आमीच शिकवलं की गं."

बाई परीक्षेच्या आठवडाभर आधी परत आल्या. वाळल्या होत्या. आम्ही काय काय केलं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग आता मला काम उरलं नाही," म्हणाल्या, आणि स्टोव्ह पेटवायला उठल्या.

आम्ही चौघी पास झालो. आमच्यात सगळ्यात सुरेख बोलणारी शेठजींची मुलगी पुन्हा नापास झाली. परीक्षेच्या हॉलमध्ये तिचा हातच चालला नाही, असं ती म्हणाली. बाई एक अख्खी दुपार तिच्याजवळ दार लावून बसल्या होत्या. काय बोलल्या ते कळलं नाही. त्याच लग्नसराईत तिचं सांगलीला लग्न झालं. आणि लगेच बाईंनीही गाव सोडलं. आई अंथरुणाला खिळली होती, बघायला दुसरं कुणी नव्हतं. एसटी स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी आणि ती कुंडी. धारवाडच्या माळमड्डीतलं, शाळेच्या मागचं कौलारू घर, एवढा पत्ता त्यांनी सांगितला. गाडी सुटेपर्यंत त्या आमच्याशी इंग्रजीत बोलत होत्या, सुटताना मराठीत म्हणाल्या, "या गं एकदा."

माडी रिकामी झाली. शेठजींनी तिथं गुळाचे रवे म्हणजे ढेपा ठेवायला सुरुवात केली.

मैत्रिणीची मिरजेची मुलाखत झाली आणि तिला घेतलं. माझं दोन वर्षांनी लग्न झालं. नवरा बिद्रीच्या साखर कारखान्यात प्रयोगशाळेत होता. कॉलनीत घर मिळालं, माणसं चांगली मिळाली. गळिताचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास घरभर भरून राहायचा आणि दुपार लांबच लांब व्हायची. मी कॉलनीतल्या बायकांना एकदा म्हटलं, या, इंग्रजी शिकू. आठदहाजणी आल्या. मी त्यांना चहा करायला लावला. त्या हसल्या, मजा आली म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही वाक्यं सांगा, आम्ही पाठ करून टाकतो." मी पुष्कळ प्रयत्न केला. एकेक करत त्या यायच्या थांबल्या. चूक त्यांची नव्हती. आम्ही पाचजणी नापास झालो होतो, आम्हाला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचं तसं नव्हतं. आणि मी बाई नव्हते. मला त्या दुपारी पुन्हा हव्या होत्या, म्हणून मी ते मांडून बसले होते.

मैत्रीण पुढं कुवेतला गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी ती सुट्टीवर आली आणि थेट बिद्रीला माझ्या दारात. हातात घड्याळ, अंगाला अत्तर, आणि भाषा तीच. "काय गं, वाळलीस की. धारवाडला जाऊया का?" मी नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, "जावा की. मी बघतो पोरांचं."

निपाणी, बेळगाव करत आम्ही एसटीनं गेलो. सबंध वाटभर ती दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होती, मी कारखान्यातल्या. माळमड्डीत शाळा सापडली, तिच्या मागचं कौलारू घरही सापडलं. दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. धारवाडात मराठी जाणणारे पुष्कळ, पण हे शिमोग्याकडनं आलेले. आम्ही मराठीत विचारलं, त्यांनी कानडीत काहीतरी सांगितलं. तिघांनाही एकमेकांचं कळेना.

मग मैत्रीण म्हणाली, "एक्स्क्यूज मी, सर. वी आर लुकिंग फॉर अवर टीचर."

"विच टीचर?"

"शी लिव्ड इन दॅट हाऊस, विथ हर मदर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. किती वर्षांनी मी कुणाला तरी इंग्रजीत खरंच काही विचारत होते.

त्यांनी चष्मा काढला. "मदर एक्स्पायर्ड. देन शी वेंट अवे. मेबी टू इयर्स."

"व्हेअर?"

"समबडी सेड मंगलोर. समबडी सेड हासन. आय डोंट नो, अम्मा. शी डिड नॉट टेल."

त्यांनी आम्हाला बसायला लावलं आणि आतून गूळ-पाणी आणलं. आम्ही कुठून आलो ते विचारलं. कोल्हापूर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे बाई तिथं होत्या हे त्यांना माहीत होतं. बाई त्या घराच्या ओसरीवर आसपासच्या मुलींना जमवायच्या, असं ते म्हणाले. "नो बुक. ओन्ली नॉईज. होल आफ्टरनून नॉईज. आय यूज्ड टू गेट अँग्री." मग ते कुलपाकडं बघून म्हणाले, "नाऊ आय कॅनॉट स्लीप."

मैत्रिणीनं पदरानं डोळे पुसले. मी त्यांना विचारलं, त्या मुली आता कुठं आहेत? मॅरीड, ते म्हणाले. सम मॅरीड, सम इन कॉलेज.

आम्ही परतीची गाडी धरली. बेळगाव मागं पडल्यावर ती म्हणाली, "मंगलोरला जाऊन बघायचं का?"

"एवढ्या मोठ्या गावात कुठं शोधायचं?"

"विचारायचं की."

पण तिची सुट्टी संपत आली होती. पुढच्या सुट्टीत तिचं लग्न निघालं, त्याच्या पुढच्या वेळी माझ्या सासूबाई आजारी होत्या, आणि नंतर ती फक्त चार-आठ दिवसांसाठी येऊ लागली. जाणं राहून गेलं. मुलांच्या शाळेच्या नकाशात मी एकदा बोट ठेवून बघितलं होतं. कोल्हापूरपासून मंगलोर काही फार लांब दिसत नव्हतं.